सहा आकड्यांचा हिशेब : ‘बाल्डर्स गेट ३’मधील क्लासांचा तोल

‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममधील बारा क्लासांपैकी (म्हणजे पात्रांच्या पेशांपैकी) सर्वांत बलवान कोणता, या वादात एक मुद्दा सहसा निसटतो. एखादा क्लास किती चालतो हे त्याच्या खास क्षमतांवर जेवढे ठरते, तेवढेच तो ज्या मूळ गुणावर उभा आहे त्या गुणाला खेळात किती भाव आहे यावरही ठरते. लॅरियन स्टुडिओजचा हा खेळ ऑगस्ट २०२३मध्ये आला. त्याने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले, आणि त्यांच्यासोबत स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विस्डम (शहाणपण) आणि करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) हे सहा गुणही आले. कथेला मी इथे हात लावणार नाही; हे सहा गुण एकमेकांच्या तोडीचे आहेत का, आणि नसतील तर त्याचा फटका कोणत्या क्लासला बसतो, एवढेच पाहायचे आहे.

पात्र घडवताना प्रत्येक गुण ८पासून सुरू होतो आणि वाटायला २७ पॉइंट मिळतात. १३पर्यंतची प्रत्येक पायरी एका पॉइंटला पडते, पुढच्या दोन पायऱ्या दोन-दोन पॉइंटांना, आणि १५वर वाट संपते. त्यानंतर एका गुणात दोनची आणि दुसऱ्यात एकची भर आपल्या मर्जीने घालता येते. फाशात मात्र हा आकडा मिळवला जात नाही, त्यातून निघणारा मॉडिफायर मिळवला जातो : १० किंवा ११ला शून्य आणि तिथून दर दोन पायऱ्यांना एक. म्हणजे हल्ल्याच्या हिशेबात १६ आणि १७ सारखेच. असे असूनही खेळ फायटरसाठी स्वतःहून जी वाटणी सुचवतो, तिच्यात १७, १५, १३ असे विषम आकडे आहेत. यातील १७ चौथ्या लेव्हलला फीट (जादा कसब किंवा गुणांत भर) मिळाल्यावर कामी येतो. १३ मात्र बहुधा शेवटपर्यंत १२चेच काम करत राहतो. नवख्या खेळाडूने ही तयार वाटणी खुशाल मोडावी.

सर्वांत लाडका गुण म्हणजे डेक्स्टेरिटी. धनुष्याचा नेम, हलक्या तलवारीचा वार, हलके चिलखत घालणाऱ्याचा आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा), लपून सरकणे, कुलपे उघडणे आणि स्फोटातून निसटण्याचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा), एवढी सगळी कामे या एका आकड्याकडे आहेत. त्यात खेळाने आणखी एक भर घातली. मूळ नियमांत लढाईत कोणाची पाळी आधी हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. इथे त्या जागी चार बाजूंचा फासा आहे. फासा लहान झाला की नशिबाचा वाटा आटतो आणि मॉडिफायरचा वाटा फुगतो, त्यामुळे डेक्स्टेरिटी १८ असलेले पात्र ८ असलेल्याच्या आधी जवळजवळ ठरल्यासारखेच उतरते. जिथे पहिल्याच फेरीत अर्धे शत्रू आडवे करता येतात, तिथे या फरकाला फार मोल आहे. एका फाशाचा हा बदल मला क्लासांतील कोणत्याही एका बदलापेक्षा मोठा वाटतो.

स्ट्रेंग्थच्या वाट्याला दोन्ही हातांची जड शस्त्रे, लांब उडी, शत्रूला कड्यावरून ढकलणे आणि ओझे उचलणे येते. यातील ढकलण्याची मजा मोठी आहे, कारण या खेळाचे नकाशे उंचसखल आहेत. पण या गुणाचे खरे नुकसान बाटलीने केले आहे. हिल जायंटचे एलिक्झर हे पेय प्यायले की पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (रात्रीच्या मुक्कामापर्यंत) स्ट्रेंग्थ थेट २१ होते, मग पॉइंट वाटताना आपण तिथे ८ ठेवलेले असोत वा १७. टॅव्हर्न ब्रॉलर हे फीट घेतलेल्या मंकच्या मुठीला स्ट्रेंग्थचा मॉडिफायर दोनदा मिळतो. त्याने हे एलिक्झर प्यायले की नेमात पाचाऐवजी दहाची भर पडते आणि मारातही तेवढीच. डेक्स्टेरिटी, विस्डम आणि कॉन्स्टिट्यूशन अशा तीन गुणांत ओढाताण होणारा, मुळात गरीब म्हणावा असा क्लास एका बाटलीने पहिल्या रांगेत जाऊन बसतो. मग स्ट्रेंग्थवर प्रामाणिकपणे पॉइंट खर्चणाऱ्या फायटरने काय मिळवले?

इंटेलिजन्सची अवस्था याहून दयनीय आहे. पूर्णपणे त्यावर उभा असलेला क्लास एकच, विझार्ड. आणि त्यालाही हा गुण १७ करून देणारी पट्टी पहिल्याच अंकात मिळते, तीही लम्प नावाच्या एका ओगरच्या (आडदांड राक्षसाच्या) डोक्यावर, जो तिच्या जोरावर पंडिती थाटात बोलत असतो! विनोद उत्तम आहे, पण तोलाच्या दृष्टीने हा विनोद विझार्डवरच आहे. याउलट बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन हे चार क्लास करिश्मावर चालतात, आणि संवादात मन वळवणे, थाप मारणे व धाक दाखवणे हेही त्याच गुणाकडे असल्यामुळे लढाईतला खर्च बोलण्यातही वसूल होतो. मल्टिक्लास करताना, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास जोडताना, मूळ नियमांतील किमान गुणांची अट इथे उठवलेली आहे, तरीही या चौघांच्या जोड्याच जास्त फळतात, कारण एकाच आकड्यावर दोन संसार चालतात.

रोग (Rogue) या चोरट्या क्लासची बाजू सगळ्यांत लंगडी आहे. हातात डेक्स्टेरिटीसारखा हुकमी गुण असूनही पाचव्या लेव्हलला इतर योद्ध्यांना मिळणारा दुसरा वार त्याला मिळत नाही. थीफ या त्याच्या उपप्रकाराला तिसऱ्या लेव्हलला एकाच पाळीत आणखी एक छोटी कृती, म्हणजे जादा बोनस अ‍ॅक्शन मिळते, तेवढी पदरात पाडून दुसरा क्लास धरणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते. जादूगारांना विश्रांतीची उदारता पथ्यावर पडते : काठिण्याच्या साधारण पातळीवर ४० शिधा खर्चून लाँग रेस्ट घेता येते आणि शिधा मुबलक सापडतो, त्यामुळे शॉर्ट रेस्टवर (छोट्या विश्रांतीवर) जादू परत मिळवण्याची वॉरलॉकची मूळ खासियत फिकी पडते. तरी चुकीच्या निवडीची शिक्षा हा खेळ करत नाही, हे मान्य केले पाहिजे. मुक्कामाच्या तळावरचा विदर्स नावाचा एकजण १०० सोन्याच्या नाण्यांत पात्राचा क्लास आणि गुण दोन्ही नव्याने मांडू देतो, आणि माझ्या मते तोल राखणारी सर्वांत शहाणी सोय हीच आहे.

नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या ऑनर मोड या सर्वांत कठीण पातळीने काही पळवाटा बुजवल्या. हेस्ट या वेग वाढवणाऱ्या जादूने मिळणाऱ्या जादा अ‍ॅक्शनमध्ये तिथे एकच वार करता येतो, आणि वॉरलॉकचा जादा वार दुसऱ्या क्लासच्या जादा वारावर रचता येत नाही. एप्रिल २०२५च्या आठव्या पॅचने प्रत्येक क्लासला एक, असे बारा नवे सबक्लास (क्लासचे उपप्रकार) दिले. त्यांतील वॉरलॉकचा हेक्सब्लेड शस्त्रही करिश्मावर चालवतो, म्हणजे आधीच श्रीमंत असलेल्या गुणाच्या तिजोरीत आणखी भर. एलिक्झरच्या बाटलीला मात्र ऑनर मोडनेही हात लावलेला नाही.