शेफ्लेरा: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकतो, जागा नीट दिली तर

नर्सरीत ‘अंब्रेला प्लांट’ म्हणून मिळणारा शेफ्लेरा मूळचा तैवान आणि हैनानच्या दमट हवेतला. तरी लातूर-परभणीच्या कोरड्या हवेतही तो बारमाही हिरवा राहतो. घरात आणि अंगणात, दोन्हीकडे चालणारं इतकं सोशिक झुडूप क्वचितच मिळतं. मात्र आपल्याकडे हिरवी जातच घ्यावी. पिवळ्या चट्ट्यांची देखणी असते खरी, पण पारा 42च्या पुढे गेला की पानांचा पिवळा भाग आधी करपतो आणि उजेड कमी पडला की रंग फिका होतो. तीच हवी असेल तर निव्वळ हिरवी फांदी फुटताच बुडातून कापा. ती जास्त जोमाने वाढते आणि बाकीच्या फांद्यांना मागे टाकते.

रोप घेताना पिशवी दाबून बघा. आंध्रातल्या कडियमकडून येणारी बरीच रोपं चिकण लाल मातीत असतात. ही माती वाळली की विटेसारखी होते, पाणी कडेने निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. रोप आठवडाभर सावलीत ठेवा, मग मुळांचा मातीसकट गड्डा बादलीत भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा. दहा इंची कुंडीला दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. नुसती काळी माती नको. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात आणि पानं काळी पडून गळतात. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी द्या. बोअरच्या क्षारांनी पानांच्या कडा तपकिरी होतात, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी कुंड्यांसाठी राखून ठेवा.

घरात पूर्वेची खिडकी उत्तम. एसीचा झोत मात्र अंगावर नको. अंगणात पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा, कुंपणासाठी दोन-अडीच फुटांवर. पश्चिमेचं ऊन टाळा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा.

उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळं दिसलं तर ती लाल कोळी ही कीड. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पानं चिकट लागली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण समजा. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

पानं चघळली तर तोंडाची आग होते, त्यामुळे रांगणारं बाळ किंवा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावरच हवी.