सप्टेंबरअखेर न्यू जर्सीत गरवायला जाताय? ट्राउट की बास

एकच रविवार मोकळा असेल तर माझं मत सरळ आहे: लेक होपॅटकाँगवर बास माशासाठी जा. राउंड व्हॅली जलाशयातला ट्राउट मासा अजून महिनाभर थांबू शकतो.

पहाटे गारवा आला म्हणून तळं लगेच गार होत नाही. उन्हाळाभर तापलेलं पाणी वर थर धरून असतं, खाली थंड. ट्राउटला ५० ते ६० अंश फॅरनहाइटचं पाणी मानवतं, म्हणून तो अजून खालीच. राउंड व्हॅली सुमारे १८० फूट खोल. सप्टेंबरात तिथे होडी, मासा कुठे आहे ते दाखवणारा फिशफाइंडर आणि स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) खोलवर ओढणारा डाउनरिगर असेल तरच मजा. काठावर बसलात तर थर्मासमधला चहा तेवढा संपेल.

बासचं उलट. साठ-सत्तर अंशांचं पाणी त्याला झकास, आणि थंडीआधी तो खात सुटतो. बारक्या माशांचे थवे खाड्यांसारख्या कोपऱ्यांत शिरतात, हा त्यांच्या मागे. सकाळी पाणी काचेसारखं स्थिर असतं, मग एका जागी अचानक सरी आल्यासारखं तडतडतं. स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) तिथेच फेकायचं, तेही लगेच. पाणगवत तपकिरी पडलं असेल तिथे वेळ घालवू नका. कुजताना ते प्राणवायू खातं. हिरवी कड शोधा.

हाताळायलाही बास सोपा. खालचा ओठ अंगठ्याने धरला की गप्प. दात म्हणजे सँडपेपर. चार-पाच मिळाले की अंगठा खरखरीत होतो, आणि सोमवारी ऑफिसात मी तो उगाच चोळत बसतो. ट्राउटला कोरडा हात लावू नये, अंगावरचा बुळबुळीत थर जातो. शिवाय थंड तळातून कोमट पाण्यात ओढून आणलेला ट्राउट परत सोडला तरी जगेलच असं नाही.

चवीत मात्र ट्राउटच. बास रवा लावून तळला तर बरा लागतो इतकंच. दोन्हींसाठी माशांतल्या पाऱ्याबद्दलचा राज्याचा सल्ला आधी वाचा. लायसन्स सोळा वर्षांपासून लागतं, ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवानाही.

नोव्हेंबरात वरचं पाणी निवलं की ट्राउट राउंड व्हॅलीच्या काठाशी येतो. तेव्हा होडी नको. मार्शमॅलो आणि मीलवर्म (छोट्या अळ्या) लावून तंगूस तळाला सोडायचा. हातमोजे बोटं उघडी असलेले घ्या, नाहीतर गाठ मारता येत नाही.