लावलेल्या जाळीत कोंबड्यांसाठी दरवाजा: राऊकडच्या फॅब्रिकेशनवाल्याचं काम कसं झालं

इंदूरमध्ये गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग करणारे गल्लोगल्ली आहेत पण "आधीच ताणून लावलेल्या जाळीत फक्त एक दरवाजा बसवून द्या" म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एकजण म्हणाला "पूरा पिंजरा ही नया बनवा लो भाभीजी", दुसऱ्याने फोटो मागवले आणि नंतर फोनच उचलला नाही. शेवटी इंदूरला लागून असलेल्या राऊच्या बाजूच्या एका छोट्या दुकानदाराने हो म्हटलं. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि माणूस मुळात चांगला आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतंय का ते कळेल. घरामागे सासऱ्यांनी भाजीसाठी जाळी लावून घेतली होती, चारी बाजूंनी आणि वरून पण, साडेसहा फूट उंच. भाजी बंद झाली आणि त्यात कडकनाथ, म्हणजे झाबुआकडच्या काळ्या कोंबड्या आल्या. झाबुआ इथून फार लांब नाही आणि 2018 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर आमच्याकडे ज्याला त्याला कडकनाथच पाळायच्या असतात. (अंड्यांसाठी पाळणार असाल तर जरा विचार करा हं, ही कोंबडी त्या बाबतीत फार उदार नाही, आणि अंडं काळं नसतं, हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.) तर आत जायला वाट म्हणजे एका कोपऱ्यातली जाळी बाइंडिंग वायरने बांधलेली, ती सोडायची, वाकून आत शिरायचं, पाणी ठेवायचं, परत बाहेर येऊन तार पिळायची. साडी असो की ड्रेस, काहीतरी अडकून फाटायचंच, आणि सासूबाईंनी तर "अंडी तूच आण गं बाई, माझी कंबर नाही वाकत" म्हणून हात वर केले होते.

आता ह्या दुकानदाराने जे सगळ्यात बरोबर केलं ते. जाळी आधी कापायचीच नाही. बाकी सगळे येऊन पहिलं हेच बोलत होते की इथे कटरने चौकोन काढू, मग चौकट बसवू. पण ताणलेल्या जाळीत भोक पाडलं की आजूबाजूची जाळी ढिली पडते, पोट सुटतं तिला, मग चौकट बसवली तरी कडेने फट राहते आणि ती फट पुढे वाढतच जाते. ह्यांनी पूर्ण चौकट दुकानातच वेल्ड करून आणली, अखंड जाळीला बाहेरून टेकवून उभी केली, चारी बाजूंनी जाळी चौकटीवर लोखंडी पट्टीखाली दाबून स्क्रूने आवळली, आणि मग आतला तुकडा कापला. कापल्यावर जाळी केसभर हलली नाही. हे बघून आमचे हे, जे तोपर्यंत खुर्चीवर बसून सूचना देत होते, गप्प बसले.

पट्टी आणि स्क्रू का, जाळी सरळ वेल्ड का नाही केली, हे मी विचारलं. त्याचं म्हणणं, जाळीची तार बारीक, तिला वेल्डिंग लावलं की जस्ताचा थर जळून जातो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो, दोन पावसाळ्यात ती जागा तुटते. शिवाय कापलेली टोकं पट्टीखाली दाबली गेली की कोंबड्यांचे तुरे ओरबाडत नाहीत आणि आपले हात पण नाही. मला पटलं. जीआयवर, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडावर, वेल्डिंग करताना जो पांढरा धूर येतो तो पण वाईटच, थंडी वाजून ताप येतो माणसाला. चौकटीचा पाइप साधा काळा होता म्हणून बरं, पण जाळीच्या जुन्या जीआय खांबाला क्लॅम्प जोडताना त्याचा पोरगा बिनमास्कचा बसला होता. मी म्हटलं रुमाल नको, मास्क लाव, तर म्हणतो "गुड़ खा लेंगे आंटी". गूळ खाऊन धूर कसा निघतो ते त्यालाच माहीत. शेवटी मालकाने त्याला थांबवलं, खांबावरचं जस्त ग्राइंडरने घासून काढलं आणि मग वेल्डिंगचे टाके मारले. हे आधीच करायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जी माझ्या मते माळव्यात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. चौकट चारी बाजूंनी बंद हवी, तीन बाजूंची नको. बरेच जण दोन उभे आणि वर एक आडवा पाइप एवढंच करून देतात, खाली मोकळं, लोखंड वाचतं. पण आपली माती काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या हालचालीत खांब आपापल्या मर्जीने झुकतात. तीन बाजूंच्या चौकटीत खालची दोन टोकं सुटी असतात, एक पाय इकडे गेला की दरवाजा अडकलाच समजा, मग लाथ मारून उघडा. खालून पण पाइप असेल तर झुकायची ती सगळी चौकट एकत्र झुकते, दरवाजा तिच्याबरोबर जातो आणि कडी आपल्या जागी लागते. आमच्या शेजारी एकांचा गोठ्याचा दरवाजा दर पावसाळ्यात घासून कमी करत करत आता एवढा बारीक झालाय की त्यातून मांजर सहज जातं. आमची चौकट एक पूर्ण पावसाळा काढून झाली, खांब एका बाजूला थोडा गेलाय हे डोळ्यांना दिसतं, तरी दरवाजा एका बोटाने लागतो.

खालच्या पाइपाच्या वर आठ इंचांवर अजून एक आडवा पाइप आहे आणि मधे पत्रा, म्हणजे उंबरठाच झाला. हे मी सांगितलेलं, त्यांच्या डोक्यात नव्हतं. ह्याचा फायदा असा की खालचा भुसा आणि तूस बाहेर सांडत नाही, दरवाजा भुशात अडकत नाही आणि दार उघडताच पायातून पळणारी जी एक आगाऊ कोंबडी प्रत्येक घरात असते तिला क्षणभर तरी विचार करावा लागतो. तोटा एकच, तगारी उचलून आत न्यावी लागते. ज्यांना हातगाडी आत न्यायची असेल त्यांनी उंबरठा काढता-घालता येईल असा करून घ्या आणि रुंदी अडीच ऐवजी तीन फूट ठेवा.

दरवाजा आत उघडायचा की बाहेर ह्यावर घरात दोन तट पडले होते. आत उघडला तर कोंबडी धडकली तरी तो बंदच होतो, बाहेर उघडला तर जागा खात नाही. आम्ही आत उघडणारा केला. उंबरठा असल्यामुळे खाली भुसा अडत नाही म्हणून जमलं, नाहीतर बाहेरचाच बरा.

आता पैशाचं. ते वजनावर भाव लावतात, मजुरी त्यातच धरून. हे मला फुटाच्या भावापेक्षा बरं वाटलं पण डोळे उघडे ठेवा, फुटावर घेणारा पातळ पाइप वापरतो आणि किलोवर घेणारा जाड, दोघांचंही गणित आपल्या खिशातूनच. 1 इंची चौकोनी पाइप, 16 गेज (पत्र्याची जाडी), 20 फुटांचं एक नग साधारण सव्वासात किलो भरतं, आणि अडीच बाय सहाची चौकट, उंबरठा आणि दरवाजा मिळून दोन नगांत काम होतं, म्हणजे चौदा-पंधरा किलो पाइप, वरून पट्ट्या आणि कब्जे. कोणी पंचवीस किलो सांगितलं तर काट्यावर उभं राहा. ह्यांनी समोर तोलून दाखवलं, बिल आणि काटा जुळला, त्याबद्दल पूर्ण मार्क. जाळीच्या बाबतीत गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक, हे अजून पण कितीतरी लोक उलटं समजतात आणि दुकानदार समजू देतात.

दरवाजाला जाळी कुठली लावायची ह्यावर मात्र आमचं वाजलं. त्यांनी आणलेली षटकोनी चिकन मेश, नावात चिकन आहे म्हणून. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही ठेवत. मुंगूस, बोका, मोकाट कुत्री हे सगळं आमच्याकडे रोजचं आहे आणि कुत्रं त्या पातळ जाळीला दातांनी फाडतं. मी अर्धा इंची वेल्ड मेशच (तारा चौकोनात वेल्ड केलेली जाळी) पाहिजे म्हणून अडून बसले, एक इंचीतून उंदराची पिल्लं येतात आणि उंदरामागे धामण येतेच. पहिल्यांदा जे आणलं ते परत न्यायला लावलं, फरकाचे पैसे घेतले पण तोंड वाकडं केलं नाही. तसंच दरवाजाच्या समोर जमिनीवर फूटभर जाळी आडवी अंथरून वर दगड आणि माती टाकून घेतली, कारण मुंगूस नेमकं उंबरठ्याखालूनच उकरतं. ह्याचे वेगळे पैसे.

कब्जे त्यांनी बुलेटचे, म्हणजे पिनवर बसणारे गोळीच्या आकाराचे, लावले, तीन. दोन सरळ आणि मधला उलटा, म्हणजे कोणी दरवाजा वर उचलून काढून नेऊ शकत नाही. हे न सांगता केलं होतं, मला नंतर दिसलं. अशी कामं करणारा माणूस मला आवडतो.

आणि हाच माणूस कडीच्या बाबतीत इतका ढिला कसा? बाहेरून एक अल्ड्रॉप (सरकवायची दांड्याची कडी) लावून मोकळा झाला. अर्धा इंची जाळीतून बोट बाहेर जात नाही. म्हणजे मी आत गेले की आतून बंद करायला काही नाही, दरवाजा नुसता लोटायचा आणि पाठीने धरून अंडी गोळा करायची. आणि एखाद्याने बाहेरून सवयीने कडी लावली तर मी आत. ते झालंच. सासूबाई आल्या, दार उघडं दिसलं, कडी घातली आणि देवपूजेला गेल्या, आणि मी आत कडकनाथांच्या मधे उभी राहून हाका मारतेय, कोंबडा माझ्यापेक्षा जोरात. नंतर सासूबाई म्हणतात, "मला वाटलं तू घरात आहेस, कोंबड्या आज फारच कलकलाट करतायत."

फोन केला तर दुसऱ्याच दिवशी पोरगा आला, पाइपात आरपार चीर पाडून अल्ड्रॉपचा दांडा दोन्ही बाजूंनी सरकेल असं करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण अल्ड्रॉप इतका हलका होता की मीच सियागंज बाजारातून जाड आणून दिला. तुम्ही कडी स्वतःच आणून द्या सरळ, आणि खाली एक वेगळा हूक लावून घ्या, कुत्र्याने खालून ढकललं की एकाच कडीवर दरवाजा कोपऱ्यातून वाकतो.

सगळ्यात मोठी तक्रार सफाईची. काम संपल्यावर जमीन बघितली तर जाळीचे अर्धा-अर्धा इंचाचे तुकडे सगळीकडे पसरलेले. कोंबडी चमकणारी गोष्ट आधी गिळते, मग विचार करते. ते तुकडे पोटात टोचतात ते टोचतातच आणि त्यावरचं जस्त पक्ष्यांना विषारी असतं, हे मला महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने आधीच बजावलं होतं. कोंबड्या दिवसभर डालून ठेवल्या होत्या म्हणून वाचलं. मालकाला म्हटलं तर झाडू मागवला. झाडूने काळ्या मातीतून तार निघते का? मग घरातल्या जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून मी आणि मुलीने सगळी जमीन पिंजून काढली आणि वाटीभर तुकडे निघाले. ते त्याला दाखवले. पुढच्या गिऱ्हाइकाकडे तो खाली ताडपत्री अंथरून कापतो म्हणे, बघा तुमच्याकडे अंथरतोय का, नाहीतर आधीच सांगा.

रंग ठीकठाक. रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा अस्तराचा रंग) एकच हात आणि वर काळा ऑइल पेंट, चौकटीच्या खालच्या बाजूला ब्रश पोचलाच नाही, पहिल्या पावसात तिथून तांबडे ओघळ आले. खांबावर जिथे जस्त घासलं होतं तिथे झिंकवाला पेंट लावायला मी सांगितला होता तो लावला, तिथे गंज नाही. रंग पूर्ण वाळल्याशिवाय आणि वास गेल्याशिवाय कोंबड्या सोडू नका, त्या चोच मारून पापुद्रे काढतात.

मी चार स्टार देतेय. नवीन पिंजऱ्याला जेवढे मागत होते त्याच्या पाव खर्चात झालं आणि सासूबाई आता सकाळी स्वतः जाऊन अंडी आणतात, फक्त आत जाताना मला ओरडून सांगून जातात. दुकान दुपारी बंद असतं, फोन संध्याकाळी करा. माप घ्यायला मालकालाच बोलवा, पोराला नको, त्याने आमची उंची आतून मोजली आणि रुंदी बाहेरून. लग्नसराईत गेटाच्या ऑर्डरी असतात तेव्हा एवढ्या छोट्या कामाला ते तारखा देत राहतात, म्हणून पावसाळ्याच्या आधी करून घ्यायचं असेल तर होळीच्या सुमारासच मागे लागा.