धिंगरीच्या खोलीसाठी घरी जोडलेला कंट्रोलर: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

सेटअप आधी. कोरेगाव तालुका, १० बाय १२ फुटांची खोली, उंची ८ फूट, पत्र्याखाली थर्माकोल. म्हणजे साधारण २७ घनमीटर हवा. आत धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूम) टांगत्या पिशव्या. कंट्रोलरकडून अपेक्षा तीनच: पिनहेड (अळिंबीचे बारीक कोंब) आल्यापासून आर्द्रता ८५ ते ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या आत आणि तापमान २८ च्या खाली.

मेंदूचं काम ईएसपी-३२ हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड करतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, तो चालतो. पिना निवडताना ०, २, ५, १२ आणि १५ रिलेला (फॅन-फॉगर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) देऊ नका, त्यांचा बोर्ड सुरू होण्याशी संबंध असतो. २५, २६, २७, ३२, ३३ बिनधास्त वापरा. पॉवर सप्लाय मात्र बहुतेकजण लहान घेतात. चार रिले एकदम ओढले की ३०० मिलीअँपियरच्या आसपास जातात, वर वायफायचा झटका. ३ वॉटचा सप्लाय तिथे मान टाकतो आणि बोर्ड मधूनच रिस्टार्ट होतो. ५ व्होल्ट २ अँपियरचा घ्या. रिले मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसी जंपर (दोन्ही बाजूंचा पुरवठा जोडणारी छोटी टोपी) काढून कॉइलला ५ व्होल्ट आणि इनपुटच्या बाजूला ३.३ व्होल्ट द्या. तसं न केल्यास काही मॉड्यूलमध्ये रिले नीट सुटत नाही.

एक्झॉस्ट फॅन बंद होताना बोर्ड रिसेट होत असेल तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नका. मोटर बंद होतानाचा व्होल्टेजचा स्पाइक आहे तो. रिलेच्या कॉन्टॅक्टला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला की थांबतो. कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ वर्गाचाच (थेट घरच्या विजेवर चालणारा) हवा.

आता खरी डोकेदुखी: आर्द्रतेचा सेन्सर. डीएचटी-२२ या खोलीसाठी नाहीच. सतत ९० टक्क्यांत राहिला की काही आठवड्यांत ९९.९ वर अडकतो, मग फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) सुरूच होत नाही आणि पिनहेड सुकून पिवळे पडतात. एसएचटी-३१ घ्या, जाळीदार टोपीवाला. त्यात छोटा हीटर असतो. दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ चालवला की साचलेलं दव उडतं. हीटर चालू असतानाचं रीडिंग मात्र धरायचं नाही. वायर मीटरभराच्या पुढे गेली की आयटूसी, म्हणजे सेन्सर आणि बोर्डमधलं बोलणं, बिघडायला लागतं. बोर्ड खोलीबाहेर ठेवायचा असेल, आणि तो बाहेरच ठेवावा, तर लांब वायरवर टिकणाऱ्या आरएस-४८५ जोडणीवर चालणारा सेन्सर बरा. सेन्सर पिशव्यांच्या उंचीवर टांगा, फॉगरच्या झोतापासून दूर.

नवा सेन्सर लावण्याआधी मिठाची चाचणी घ्या. झाकणाच्या डब्यात मीठ घालून जेमतेम ओलं करायचं, विरघळू द्यायचं नाही. सेन्सर मिठाला न टेकवता रात्रभर आत ठेवला की ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दाखवत असेल तर कोडमध्ये ४ वजा. आपल्या कामाच्या पट्ट्याजवळचा आकडा पाहिजे असेल तर पोटॅशियम क्लोराइड वापरा, २५ अंशाला ८४ टक्के येतात. ते केमिकलच्या दुकानातलं शुद्ध आणा, खताच्या पोत्यातल्या लाल पोटॅशवर भरवसा नको.

कार्बन डायऑक्साइडसाठी एमएच-झेड-१९ प्रकारचा सेन्सर पुरतो, फक्त त्यातलं आपोआप कॅलिब्रेशन पहिल्या दिवशीच बंद करा. दिवसभरातलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे ताजी हवा, असं तो गृहीत धरतो. अळिंबीच्या खोलीत तेवढी ताजी हवा कधी नसतेच. त्यामुळे तो हळूहळू खोटं बोलायला लागतो, स्क्रीनवर ६०० आणि पिशवीवर लांब दांडे, टिकलीएवढ्या छत्र्या. अशा वेळी अळिंबीवर विश्वास ठेवायचा. स्पॉन रन (बियाणं पिशवीत पसरण्याचा काळ) चालू असताना ही भानगड नसते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वाढलेला चालतो.

फॉगरच्या बाबतीत सगळा खेळ पाण्याचा. बोअरचं जड पाणी वापरलं तर अल्ट्रासॉनिक चकतीवर क्षार बसतो, धुकं निम्मं होतं आणि छत्र्यांवर, सेन्सरवर पांढरी भुकटी. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घालायचं. आठवड्यातून एकदा चकती लिंबूसत्वाच्या पाण्यात, लिटरला मोठा चमचा, अर्धा तास. चोळायची नाही. टाकीत फ्लोट स्विच हवाच, कोरडी चालली की चकती जळते. तयार फॉगरमध्ये तो असतो, पण अडकतो, म्हणून वेगळा आणखी एक.

सेटिंग: ८४ ला चालू, ९० ला बंद. सलग चालवलं तर सेन्सरला कळेपर्यंत खोली ओथंबते. म्हणून ४० सेकंद चालू, २ मिनिटं थांबा, परत रीडिंग. छत्र्यांवर पाणी साचून राहिलं की तपकिरी डाग पडतात, तो जिवाणूंचा रोग आहे आणि तो माल बाजारात जात नाही. फॅन आणि फॉगर एकाच वेळी चालू होणार नाहीत असं प्रोग्रॅममध्येच बांधा, नाहीतर एक ओलावा आणतो आणि दुसरा बाहेर फेकतो.

एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झरोक्यावर ओला वाळ्याचा पडदा चांगलं काम देतो. जुलैत तो काढून टाका. तेव्हा बाहेरच दमट असतं, फॉगर दिवसभरात जेमतेम चालतो आणि भिंती गळायला लागल्या की हिरवी बुरशी येते. फॅनची वेळ तेव्हा वाढवायची. डिसेंबरच्या रात्री उलटं, फॅन बाहेरची गार हवा ओढून खोली थंड करतो. त्यासाठी १८ अंशांच्या खाली कार्बन डायऑक्साइडची मर्यादा १५०० करून ठेवली की पीक फार अडत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत शिवारात पाचट जळतं, काजळीने झरोक्याची जाळी भरते. ती दर आठवड्याला धुवायची.

सेन्सर मेला तर काय, याचं उत्तर कोडमध्ये आधी लिहा. रीडिंग आलं नाही किंवा अर्धा तास एकाच आकड्यावर राहिलं तर साध्या टायमरवर जायचं: दर १० मिनिटांनी फॉगर ३० सेकंद, दर अर्ध्या तासाने फॅन ५ मिनिटं. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून वेळेसाठी बॅटरीचं डीएस-३२३१ घड्याळ लावा. वीज परत आल्यावर व्होल्टेज स्थिर होईपर्यंत ३ मिनिटं काहीच चालू करायचं नाही.

मोबाइल ॲपवर मात्र वेळ घालवू नका. पत्र्याच्या खोलीत वायफाय धड पोचत नाही. त्यापेक्षा प्रत्येक रिलेला समांतर साधं बटण द्या, म्हणजे घरातलं कोणीही हाताने फॅन लावू शकेल. पुढे ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), ओल्या खोलीत त्याला पर्याय नाही. वायर पेटीत खालून घ्या, यू आकाराचा वळसा देऊन, म्हणजे थेंब आत जात नाही.

सुट्या भागांत एक सेन्सर, दोन चकत्या आणि एक रिले मॉड्यूल घरात ठेवा. ऑनलाइन मागवून येईपर्यंत तोडणीचा एक बहर हातचा जातो.