बेडकाच्या अंडाशयाचा स्लाइड-संच: घेण्याआधी लेबलावर महिना आहे का पाहा

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतलं विच्छेदन थांबवलं. त्यामुळे मादी बेडकाचं प्रजननचक्र शिकवताना हाताशी राहतात ते तक्ते, मॉडेल आणि कायमस्वरूपी स्लाइड. त्यांपैकीच हा पाचांचा संच: प्रजननाच्या हंगामापूर्वीचं, हंगामातलं आणि हंगामानंतरचं अंडाशय, अंडवाहिनी व मेदपिंड (अंडाशयाजवळचा चरबीचा साठा).

हंगामापूर्वीची स्लाइड उत्तम. कोवळ्या अंडपेशींचा पेशीद्रव हिमॅटॉक्सिलिन या रंगाने गडद जांभळा झालाय, केंद्रकाच्या कडेने केंद्रिका (केंद्रकातले गडद ठिपके) स्पष्ट दिसतात. शेजारच्या वाढत्या अंडपेशींत पीतकाचे (अंड्यातल्या बलकाचे) कण इओसिन या दुसऱ्या रंगाने गुलाबी रंगलेत. सूक्ष्मदर्शकाच्या 4x भिंगावर अंडाशयाचे पोकळ खंड दाखवा, मग 10x. 40x फक्त केंद्रिकांसाठी. 10x वर दृष्टिक्षेत्र साधारण 1.8 मिमी असतं आणि भरलेली अंडपेशी एक मिमीच्या पुढे जाते, त्यामुळे ती एकटीच क्षेत्र व्यापते.

हंगामातली स्लाइड मात्र फसली आहे. पीतकाने भरलेली अंडपेशी स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांत जास्त वेळ राहिली की ठिसूळ होते आणि मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) तडकते. या भेगा विद्यार्थी आवरण समजून हुबेहूब काढतात. काही अंडपेशींत केंद्रक दिसत नाही, तो मात्र दोष नव्हे. 1 मिमीच्या अंडपेशीचे 7 मायक्रॉनचे दीडशेच्या आसपास काप पडतात आणि केंद्रक त्यांतल्या काहींतच येतं.

पैसे वसूल होतात ते हंगामानंतरच्या स्लाइडवर. न सुटलेल्या अंडपेशी जिरत असलेली पुटकं (अंडपेशीभोवतीची पेशींची पिशवी), पीतक गिळणाऱ्या पुटकपेशी, मागे राहिलेलं काळपट रंगद्रव्य, सगळं एका कापात. सोबतच्या पत्रकात या पुटकांना ‘पीतपिंड’ (अंडं सुटल्यावर पुटकापासून बनणारी ग्रंथी) म्हटलंय, ते खोडा. अंडी घालणाऱ्या बेडकांत सस्तन प्राण्यांसारखं टिकणारं पीतपिंड नसतं.

अंडवाहिनीचा काप घड्या पडलेला आहे. तिच्या ग्रंथींतला जेलीचा स्राव पाणी शोषून फुगतो, म्हणून काप पाण्यावर पसरताना फार जपावं लागतं. अंडाशय आणि अंडवाहिनी जोडलेले नसतात. अंडी देहगुहेत पडून अंडवाहिनीच्या नसराळ्यासारख्या तोंडातून आत जातात, हे या स्लाइडवरून कळणार नाही, तक्ता लागेल. मेदपिंडाची स्लाइड निरुपयोगी. झायलीनने मेद विरघळून जातो, उरतात रिकामी भोकं. अंडाशय भरत जाताना मेदपिंड आटत जातो, हे दाखवायला दोन फोटो पुरेत.

मोठी अडचण लेबलाची. त्यावर ‘बेडूक, अंडाशय’ एवढंच. आपल्याकडच्या हॉप्लोबॅट्रॅकस टायजेरिनसचं (जुन्या लेबलांवर राना टायग्रिना) अंडाशय पावसाच्या तोंडावर भरलेलं असतं, पावसाळा सरला की आकसतं. महिना नसेल तर तुलना कशाची करणार? शिवाय प्रयोगशाळेत वाढवलेल्या आफ्रिकी झेनोपस बेडकाची स्लाइड निघाली तर खेळच संपला. त्याच्या अंडाशयात बाराही महिने सर्व अवस्था एकत्र असतात. आपला बेडूक वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून नमुना कुठून आला याचा कागदही मागा.

सुट्या मिळत असतील तर पहिली आणि तिसरी घ्या. कव्हरस्लिपच्या कडेला डीपीएक्समध्ये (कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या पारदर्शक द्रवात) बुडबुडे दिसले तर बदलून मागा, आणि ट्रेमध्ये आडव्याच ठेवा.