घरचं काळं पायमशीन सर्व्हिस करावं की नवं झिगझॅग घ्यावं?

बऱ्याच घरांत हा प्रश्न एकदा तरी पडतो. सासूबाईंचं किंवा आजीचं काळं मशीन कोपऱ्यात चादर पांघरून उभं असतं, दोन-चार वर्षांत कुणी चालवलेलं नसतं. दुसरीकडे दुकानात पांढरं, हलकं झिगझॅग मशीन, म्हणजे सुई डावी-उजवी हलवून नागमोडी टीपही घालणारं, बघून ठेवलेलं असतं. दुकानदार मशीनमधले टाक्यांचे प्रकार मोजून दाखवतो, आणि टाक्यांच्या संख्येवर निर्णय होतो. माझ्या मते आधी विचारायची गोष्ट वेगळी आहे. मशीन बिघडल्यावर ते उघडणार कोण, आणि उघडल्यावर त्यात जुळवायचं काय काय आहे? शिवणयंत्र हे सतत थोडंथोडं जुळवत राहण्याचं यंत्र आहे. सुई, दोरा किंवा कापड बदललं की काहीतरी हलवावंच लागतं.

आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं, मग ती उषा असोत, सिंगर, मेरिट की लुधियानात तयार झालेली दुसरी कुठली, एकाच मूळ आराखड्यावर बेतलेली आहेत. 19व्या शतकाच्या अखेरीस रुळलेल्या सिंगरच्या 15 नंबरच्या मशीनचा तो आराखडा. त्यामुळे एका कंपनीची बॉबीन केस (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबीन, बसते ती डबी), शटल (सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवणारा टोकदार भाग), कापड सरकवणारे दाते, टेन्शनची म्हणजे दोऱ्याच्या ताणाची स्प्रिंग दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बहुतेक वेळा चालते, आणि हे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. झिगझॅगमध्ये पुढून बसणारी बॉबीन आणि फूट (कापड दाबून धरणारा पाय) सोडले तर बाकीचा भाग बहुतेक त्या मॉडेलचाच लागतो. आतला नायलॉनचा गिअर तडकला तर तोच गिअर मिळेपर्यंत थांबायचं. मला हा सगळ्यात मोठा फरक वाटतो.

टेन्शन: दोन्हीकडे तेच, हाताळणी वेगळी

टीप खालून गुंतली, लूप दिसायला लागले की बहुतेक जण बॉबीनला दोष देतात. खरं तर खालच्या बाजूला लूप म्हणजे वरचा दोरा सैल. सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं, की दोरा ओवताना प्रेसर फूट खाली होता. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. उलट खालचा दोरा वर ओढून ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे, किंवा बॉबीन केस ढिली झाली आहे.

बॉबीन केस तपासायची साधी रीत आहे. बॉबीन भरून केसमध्ये घाला, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळू द्या. ती स्वतःहून खाली घसरत गेली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर बोटभर खाली येऊन थांबली तर बरोबर. झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. केसवरच्या पातळ पत्तीच्या स्क्रूला पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचं आणि पुन्हा बघायचं. स्क्रू फार छोटा असतो, खाली पांढरं कापड अंथरून मगच हात लावा.

काळ्या मशीनमध्ये आणि पुढून बॉबीन बसणाऱ्या झिगझॅगमध्ये ही तपासणी अगदी सारखीच होते. वरून झाकणाखाली बॉबीन टाकायची सोय असलेल्या मशीनमध्ये मात्र केस लोंबकळवून बघता येत नाही. तिथे दोरा हाताने ओढून अंदाज घ्यावा लागतो. नव्याने शिवण शिकणाऱ्यांना ती सोय खूप आवडते, खालचा दोरा किती उरलाय तेही पारदर्शक झाकणातून दिसतं. पण त्या मशीनला कंपनीचीच प्लास्टिक बॉबीन लागते. दुकानात मिळणाऱ्या बॉबीन वरून सारख्या दिसल्या तरी उंचीत किंचित फरक असतो, आणि तेवढा फरक टाका बिघडवायला पुरतो.

टायमिंग: इथे काळं मशीन जिंकतं

जीन्सच्या जाड शिवणीवर सुई मोडली, आणि त्यानंतर नवी सुई घालूनही टाके सुटायला लागले, तर टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलच्या भेटीची वेळ, हललं असण्याची शक्यता असते. त्याआधी तीन गोष्टी बघा. सुई पूर्ण वरपर्यंत गेली आहे का, तिच्या वरच्या जाड भागाची सपाट बाजू योग्य दिशेला आहे का आणि सुईचा नंबर कापडाला साजेसा आहे का. व्हॉइल-मलमलला 9 किंवा 11, सुती ब्लाऊजपीसला 14, जाड कापडाला 16 किंवा 18. जुनी सुई काढण्याआधी तिची सपाट बाजू कुठे आहे ते पाहून ठेवा. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा आणि सपाट बाजूने बाहेर काढायचा.

तरीही टाके सुटत असतील तर सुई आणि शटलची गाठ चुकते आहे. सुई अगदी खाली जाऊन साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर वर आली की मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या थोडं वरून, सुईला जवळजवळ घासून गेलं पाहिजे. काळ्या मशीनची डावी बाजूची पट्टी काढली की सुईचा दांडा (सुई ज्यात बसते तो वर-खाली होणारा दांडा) धरणारा स्क्रू दिसतो. तो किंचित सैल करून दांडा केसभर वर-खाली केला की ही गाठ पुन्हा जुळवता येते. काही मशीनच्या दांड्यावर त्यासाठी दोन रेघाही कोरलेल्या असतात. हाताने चाक फिरवत, विजेरीच्या उजेडात बघत केलं तर हे काम घरी होण्यासारखं आहे.

झिगझॅगमध्ये सुई डावी-उजवी हलते, म्हणून एक गाठ जुळवून भागत नाही. एका टोकाला शटल सुईला थोडं आधी भेटतं, दुसऱ्या टोकाला थोडं उशिरा, आणि दोन्हीकडे फास पकडला गेला पाहिजे. शिवाय सुई बाजूला सरकायची ती कापडाच्या बाहेर असतानाच. आत असताना सरकली तर वाकते, प्लेटवर आपटते. काज करताना पुढचे टाके दाट आणि परतीचे विरळ पडत असतील तर त्याची वेगळी जुळवणी. मी हे काम घरी करायला सांगणार नाही. हा प्रकार रोज हाताळणाऱ्या कारागिराकडेच द्यावा. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कार्डावरच्या अटी वाचा.

तेल

काळ्या मशीनला वर, मागे, खाली भोकं दिलेली असतात, जिथे धातूवर धातू घासतो तिथे एक-एक थेंब. रोज शिवत असाल तर आठवड्याला, अधूनमधून शिवत असाल तर काढताना आणि ठेवताना. तेल मशीनचंच हवं, पातळ आणि पांढरं. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका. ते काही महिन्यांत चिकट होतं, मग लाखेसारखं कडक बसतं आणि चाक फिरेनासं होतं. बरीच ‘जाम झालेली’ मशीनं एवढ्याच कारणाने जाम असतात. प्रत्येक सांध्यात थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हळूहळू मागे-पुढे करा, जोर लावू नका. सुटलं की रॉकेल पुसून भरपूर तेल द्या आणि टाकाऊ कापडावर चालवा, म्हणजे डाग तिथेच पडतील. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्याआधी हे कराच, दमट हवेत शटलला गंज चढला की टाका खराब होतो.

झिगझॅगच्या बाबतीत माहितीपुस्तिका म्हणेल तेच करायचं. पुढून बॉबीन असलेल्या मशीनच्या शटलच्या वाटेत एक थेंब चालतो. वरून बॉबीन असलेल्या मशीनच्या प्लास्टिकच्या भागात तेल घालायचं नसतं, तिथे ब्रशने कापसासारखी साचलेली लव काढणं हीच सर्व्हिस.

बाकी मुद्दे थोडक्यात. पायमशीनला वीज लागत नाही, चामड्याचा पट्टा ढिला झाला की तुकडा कापून हुक पुन्हा अडकवला की झालं. वजन 10-12 किलो, तेही फक्त वरच्या भागाचं, त्यामुळे दर वर्षी घर बदलणाऱ्यांना ते जड जातं. कॉम्प्युटर असलेलं मशीन मी फक्त शहरात, कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ असेल तरच घ्यायला सांगेन. सर्किट बोर्ड गेला तर गल्लीतला कारागीर काही करू शकत नाही.

मग कुणी काय करावं

ब्लाऊज, परकर, पिशव्या, गोधडी, अभ्रे, म्हणजे सरळ टिपेचं काम असेल तर काळं मशीनच सर्व्हिस करून घ्या. त्याच्या प्लेटला सुईपुरतं बारीक गोल भोक असतं, म्हणून मलमलवरही टीप सरळ आणि घट्ट बसते. झिगझॅगच्या प्लेटला रुंद फट असते. पातळ कापडाचं टोक सुरुवातीलाच तिच्यात ओढलं जातं, खाली कागदाचा तुकडा घ्यावा लागतो. सर्व्हिसला पैसे घालण्याआधी सुईचा दांडा बोटांत धरून हलवा. जाणवण्याइतका खुळखुळत असेल, किंवा चाक एका ठराविक जागी दर फेरीला अडत असेल तर आतली झीज मोठी आहे, खर्चाचा आकडा आधी विचारा. शटल झिजलं असेल तर घाबरू नका, ते बदलता येतं. चाक फिरतंय पण सुई हलत नाही, अशी तक्रार असेल तर चाकाच्या मधली चकती उलटी बसली असेल, ती अर्धा फेरा फिरवून बसवा.

टी-शर्टचं ताणणारं कापड, पिको, काज, मुलांच्या कपड्यांची इलॅस्टिक हे रोजचं असेल तर झिगझॅग हवंच. काळ्या मशीनवर झिगझॅगची जोडणी बसते, पण रोजच्या कामाला ती थकवते. झिगझॅग घ्याल तर पुढून धातूची बॉबीन केस बसणारं साधं मॉडेल घ्या. त्याचं शटल काढून साफ करणं काळ्या मशीनइतकंच सोपं आहे, आणि ते हाताळणारे कारागीरही जास्त भेटतात.

दुकानात जाताना स्वतःच्या घरातले दोन तुकडे न्या, एक मलमलचा, एक जीन्सचा चार पदरी. दुकानदाराच्या कडक सुती चिंधीवर प्रत्येक मशीन छान शिवतं. मलमलवर सरळ टीप घाला, जीन्सवरून पदरांच्या चढावर चाक हाताने फिरवून पाहा, मग सगळ्यात रुंद झिगझॅग मारून दोन्ही टोकांना टाका पडतोय का ते भिंगाखाली बघा. पुढे आणि मागे दहा-दहा टाके घालून लांबी मोजा. त्यात मोठा फरक असेल तर तिथेच जुळवून द्यायला सांगा, आणि ते जुळवणारा माणूस तुमच्या गावात येतो का तेही त्याच वेळी विचारा.