इमारत तीच, बाया त्याच, अधीक्षक बदलल्या: वृद्धाश्रमाचा दिवाळी ते पोळा अनुभव

दिवाळी झाल्यावर आम्ही मोठ्या आईला वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिचं वय ऐंशीच्या पुढे, पोटी मूल नाही, साखर आणि बीपी दोन्ही. आता पोळा होऊन गेला. संस्थेचं नाव देत नाही. खाली लिहिलेल्या तक्रारी जुन्या कारभाराच्या आहेत, आज तिथे राबणाऱ्यांच्या माथी त्या नकोत. पण आपल्या माणसासाठी जागा शोधणाऱ्यांनी खोल्या, बाग आणि जेवणाचा तक्ता बघण्याआधी तिथला कारभार कोण आणि कसा चालवतं हे बघावं, एवढ्यासाठी हे लिहितो. आमच्याकडे इमारत तीच राहिली, फी तीच, स्वयंपाकीण तीच, सेवेच्या बाया बहुतेक त्याच. होळीच्या सुमारास अधीक्षक तेवढ्या बदलल्या.

आधीचे अधीक्षक बोलायला फार चांगले. फोन उचलायचे, भेटीला गेलं की चहा यायचा, फरशी चकचकीत असायची. रविवारी सगळं नीट दिसे. मोठी आई मात्र एकदा हळूच म्हणाली, "दिवसा काई कमी नाई रे बापा, पन रातच्याला कोनी पुसत नाई." ती न्हाणीत घसरून पडली हे आम्हाला कळलं तेही शेजारच्या खाटेवरच्या आजींकडून. बाईला विचारलं तर ती गप्प. पुढे समजलं की कोणी पडलं की ड्यूटीवर असलेल्या बाईचा पगार कापायचा, असा तिथला शिरस्ता होता. मग कोण कशाला सांगेल? पडणं थांबलं नव्हतं, फक्त सांगणं थांबलं होतं.

त्यात कापूस वेचणीचे दिवस. आपल्या भागात हे ठाऊक असायलाच हवं: सेवेच्या बाया गावातल्याच असतात आणि वेचणीत किलोमागे रोख मजुरी मिळते. पगार महिना-महिना लांबत असेल तर बाई शेतातच जाणार, तिला दोष देता येत नाही. त्या थंडीत कितीतरी रात्री अख्ख्या इमारतीला एकच बाई होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांशी जखमा होतात. एकटी बाई ते कसं करणार? दोन आजोबांना तशा जखमा झालेल्या मी स्वतः पाहिल्या.

नव्या मॅडम पूर्वी दवाखान्यात सिस्टर होत्या. आल्यावर त्यांनी रंगरंगोटी केली नाही की कार्यक्रम घेतला नाही. सकाळी रात्रपाळी सुटताना त्या स्वतः हजर राहू लागल्या. जाणारी बाई येणाऱ्या बाईला एकेका खाटेपाशी उभी राहून सांगते: हे जेवले नाहीत, यांना लघवी कमी झाली, या रात्रभर जाग्या होत्या. ते वहीत उतरतं आणि वही नातेवाइकांना बघायला मिळते. पगार कापणं पहिल्याच आठवड्यात बंद. त्यानंतर वहीत पडण्याच्या नोंदी एकदम वाढल्या. काही विश्वस्त घाबरले, पण मला तेव्हाच विश्वास वाटायला लागला. नोंदी एकत्र लावल्यावर दिसलं की बहुतेक जण पहाटे, संडासाला जाताना, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडतात. तिथे दिवा लागला, भिंतीला धरायला दांडी बसली, गुळगुळीत झालेल्या चपला बदलल्या.

साखरेचंही तसंच. मोठ्या आईला जेवणाआधी इन्सुलिन लागतं. पूर्वी सुई ठरल्या वेळी टोचली जायची, पण लाइन गेली की भाकरी मागे राहायच्या. मधल्या वेळात तिला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. स्वयंपाकघर आणि औषधाची खोली यांचं आपसात बोलणंच नव्हतं. आता स्वयंपाकीण "ताटं वाढते" म्हणाली की मगच सुई. या बदलाला एक रुपयाही लागला नाही.

उन्हाळा आपल्याकडचा, पारा पंचेचाळिसाच्या घरात. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी जाणवते, शिवाय रात्री उठावं लागू नये म्हणून अनेक जण मुद्दामच पाणी टाळतात. व्हरांड्यातला एक माठ अशा वेळी पुरत नाही. मॅडमनी प्रत्येक खाटेशी तांब्या ठेवायला लावला, दुपारी आंबील किंवा ताक, आणि कोण किती प्यायलं याची खूण वहीत. कूलर दोनच आहेत, ही उणीव अजून तशीच आहे.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. निंदणाला मजूर मिळत नाहीत, बायांना शेतातून बोलावणी सुरू झाली. मॅडमनी मृगाआधीच सगळ्यांना बसवून विचारलं होतं, कोणाला कधी शेतात जायचं आहे. काहींना अर्धी पाळी दिली, काहींना फक्त रात्रपाळी. पगार पाच तारखेच्या आत होतो. एकही रात्र एका बाईवर गेली नाही. वेचणीतला गोंधळ बघितलेल्या माणसाला हे केवढं मोठं काम आहे ते कळेल.

निराधार मंडळींची श्रावणबाळ योजनेची पासबुकं पूर्वी ऑफिसच्या कपाटात असायची. आता ज्याचं त्याच्याजवळ. आयुष्यभर मजुरी करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्रावर ठसा उमटत नाही, तरी मॅडम पोस्टमनला आश्रमात बोलावून प्रत्येकाला आपले पैसे आपल्या हातात मिळतील असं बघतात. आणि जेवणघराच्या भिंतीवर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर, १४५६७, मोठ्या अक्षरात रंगवून घेतला आहे. आपल्याविरुद्ध कुठे तक्रार करायची हे स्वतःच भिंतीवर लिहिणारा कारभारी मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आता जे खटकतं ते. सगळं एका बाईच्या खांद्यावर आहे. जुलैत मॅडम घरच्या आजारपणासाठी रजेवर गेल्या, तेव्हा पहिले दोन दिवस सगळं सुरळीत होतं, नंतर वहीतली पानं कोरी दिसायला लागली. बाया काम करत होत्या, पण सकाळच्या बोलण्याला कोणी उभं राहत नव्हतं. विश्वस्त मंडळ दूर शहरात, महिन्यातून एकदा येतं, हिशेब बघतं आणि जातं. त्यांनी रात्री एखादी फेरी मारलेली कोणी पाहिली नाही.

आम्ही काही नातेवाइकांनी मिळून मंडळाला लेखी दिलं आहे: मॅडमच्या हाताखाली एक उपअधीक्षक नेमा, तोही इथल्याच अनुभवी बायांमधून, आणि रात्रपाळीचा पगार दिवसापेक्षा जास्त ठेवा. फी थोडी वाढली तरी चालेल, असंही त्यात लिहिलं आहे. पहिली मागणी तोंडी मान्य झाली आहे, दुसरीवर पुढच्या बैठकीत बोलू म्हणाले. तोवर मोठ्या आईला तिथेच ठेवतो आहोत, आणि मी रविवारऐवजी मधल्याच एखाद्या वारी, सांजच्याला, न सांगता जातो.